संस्थेचा वार्षिक अहवाल चांगला असेल तर डोळे मिटून देणगी द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की ज्या संस्थेला दरवर्षी देणगी द्यायचा विचार आहे, तिचा अहवाल देखणा आहे, 'सामाजिक परिणामा'ची आकडेवारीही आहे, मग एवढ्यावर विश्वास ठेवावा का. अहवाल देखणा आहे म्हणजे डिझायनर चांगला मिळालाय, एवढंच. मी बीड जिल्ह्यातल्या एका संस्थेत बरीच वर्षं हिशेब आणि अहवाल दोन्ही सांभाळले. त्यामुळे या विषयावर तोंड उघडलं की लवकर मिटत नाही, सांभाळून घ्या.

आमचं काम ऊसतोड कामगारांच्या मुलांचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, कारखान्यांकडे निघतात. मागे कुणी नसेल तर पोरं पण फडात जातात आणि शाळा सुटते. ती सुटू नये म्हणून हंगामभर दोन वेळचं जेवण, राहणं, अभ्यास. पैसा मुख्यतः एका कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीचा. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. आणि खर्च केला की त्यांनाही वर दाखवायला आकडा लागतो. म्हणून मार्च आला की फोन: "मॅडम, बेनिफिशियरी किती झाले?"

आता एक मुलगी घ्या. वसतिगृहात जेवते, एक. आरोग्य शिबिरात तिचं वजन केलं, दोन. वह्या मिळाल्या, तीन. 26 जानेवारीला तिच्या हातून रोप लावून घेतलं, चार. अशी ऐंशी पोरं अहवालात तीनशेच्या वर 'लाभार्थी' होतात. यात खोटं काहीच नाही बरं का! प्रत्येक कार्यक्रमाचं सह्यांचं रजिस्टर आहे, ऑडिटरला बोट ठेवायला जागा नाही. फक्त हंगामाच्या मध्येच किती मुली निघून गेल्या, कुणाचं लग्न उरकलं, याला रकाना नव्हता. मी तो घातला. आमच्या सचिवांनी, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, तो काढला. "देणगीदाराला रडगाणं नको असतं, ताई." यावरून आमचं जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

मग मी मुख्याध्यापकांना विचारून व्हरांड्याच्या भिंतीवर काळा फळा रंगवून घेतला. त्यावर महिन्याचा जमाखर्च: ज्वारी, तूरडाळ, तेल, गॅस, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, आणि खाली पटावर किती, हजर किती. भाऊ म्हणाले, हिशेब चव्हाट्यावर मांडायचा नसतो, उद्या कोणीही उठून विचारेल. आणि विचारलंच. एका आजीनं नातवाकडून फळा वाचून घेतला आणि थेट स्वयंपाकघरात आली. "बाई, तेलाचा डबा पंदरा दिसात कसा काय सरतो?" मावशी चिडल्या. मी कोठी उघडून दिली. आजीनं डबा हलवून बघितला, पोरांची डोकी मोजली, किती वेळा पुऱ्या झाल्या ते विचारलं, आणि "बरं" म्हणून गेली. पुढच्या हंगामात तिनं लेकीच्या दोन पोरी आणून सोडल्या. शेजारणीलाही तिनंच तयार केलं. आमचा गुळगुळीत इंग्रजी अहवाल त्या गावात कुणी पाहिलेला नव्हता.

कंपनीचे साहेब आले तेव्हा त्यांनी फळा वाचला नाही, फोटो काढला. तो फोटो पुढच्या अहवालात 'पारदर्शकता' या पानावर आला. पान भाऊंनीच लावलं होतं!

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 1994 पासून जनसुनवाईत सरकारी कामांची मस्टर, म्हणजे मजुरांची हजेरीपत्रकं, गावासमोर वाचली. त्या रेट्यातून माहिती अधिकाराची मागणी उभी राहिली आणि 2005 मध्ये देशभराचा कायदा आला. आम्ही संस्थावाले हे उदाहरण भाषणात हमखास देतो. स्वतःचं मस्टर वाचायची वेळ आली की मात्र 'अंतर्गत बाब'. अहो, गल्लीतलं गणेश मंडळसुद्धा मंडपाचा खर्च छापतं.

हं, तुमचा प्रश्न. अहवाल बाजूला ठेवा, ऑडिट मागा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडे शेड्यूल आठमध्ये ताळेबंद आणि नऊमध्ये उत्पन्न-खर्च द्यावा लागतो. नऊमध्ये आस्थापना खर्च, म्हणजे संस्था चालवण्याचा खर्च, वेगळा आणि उद्दिष्टांवरचा वेगळा असतो. आस्थापना खर्च कमी दिसला म्हणून खूश होऊ नका. 2020 मध्ये परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली, तेव्हापासून तर कमी आकडा म्हणजे पुण्य असं सगळ्यांनाच वाटायला लागलंय. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला पगार न देता हिशेब चोख कसा राहील, ते मला कुणीतरी सांगा. संस्थेला परदेशी पैसा येत असेल तर एफसी-4, म्हणजे परदेशी निधीच्या हिशेबाचं वार्षिक विवरणपत्रही, त्यांच्याकडेच मागा, कारण 2022 मध्ये गृह मंत्रालयानं स्वतःच्या संकेतस्थळावरची बरीच माहिती काढून टाकली. आणि जमलं तर ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांना विचारा की हिशेब तुम्हाला कोण सांगतं.

भाऊ अजून म्हणतात, त्या फळ्यानं गावात कटकटी वाढल्या. वाढल्याच. कटकट करणाऱ्यांनीच पोरी आमच्याकडे ठेवल्या, हेही त्यांनी सांगावं.

आता दोन गोष्टी राहिल्या. एचआयव्ही किंवा घरगुती हिंसाचारावर काम करणारी संस्था असं काही भिंतीवर लिहू शकत नाही, तिथे माझा फळा लावायला जाऊ नका. आणि विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट प्रलंबित दिसला म्हणून लगेच चोर ठरवू नका, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तारखांवर तारखा पडतात. अर्जाचा क्रमांक मागा, दाखल केला असेल तर फाइल उघडून लगेच सांगतील.