वाचकांचे प्रश्न : फोटोतल्या नांग्या (खराब पिक्सेलच्या जागा) कशा भरायच्या?

प्रश्न : मे महिन्याच्या शेवटी वावरातून धनू राशीकडच्या आकाशगंगेचे २-२ मिनिटांचे ६० फोटो घेतले. २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, १३५ मिमी लेन्स, छोटा ट्रॅकर (ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारं यंत्र), आयएसओ १६००. प्रत्येक फोटोत लाल, हिरवे, निळे ठिपके आहेत. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केल्यावर (सगळे फोटो एकावर एक रचून एक केल्यावर) त्यांच्या एकाच दिशेनं गेलेल्या रेघा झाल्या. डिसेंबरात याच कॅमेऱ्यानं मृग काढला तेव्हा असं काही नव्हतं. डार्क (झाकण लावून काढलेले काळे फोटो) घेतलेले नाहीत. सेन्सर गेला का?
— वाचक, ता. अचलपूर

उत्तर : सेन्सर ठीक आहे, उकाडा नडला. अंधारातही पिक्सेलमध्ये थोडा प्रवाह साचत राहतो आणि साधारण दर ६ अंश सेल्सिअसला तो दुप्पट होतो. डिसेंबरातली रात्र १२ अंशांची आणि मेमधली ३३ ची धरली, तर फरक २१ अंशांचा, म्हणजे प्रवाह जवळपास ११ पट. हिवाळ्यात जे पिक्सेल गर्दीत लपले होते ते उन्हाळ्यात उघडे पडले. आकाश काळंभोर असलं की ते आणखी उठून दिसतात. नागपूरच्या उजेडात त्यातले निम्मे दिसलेही नसते.

रेघांचं कारण वेगळं आहे. ट्रॅकर थोडा सरकत राहतो. सॉफ्टवेअर सगळे फोटो ताऱ्यांवर तारे ठेवून जुळवतं, पण खराब पिक्सेल सेन्सरवर एकाच जागी ठाण मांडून असतो. तारे जागेवर आणले की तोच सरकल्यासारखा होतो आणि रेघ ओढतो. म्हणून ठिपके जुळवणीच्या आधीच काढावे लागतात. रेघ झाल्यावर इलाज नाही.

डार्क नाहीत याचं फार वाईट वाटून घेऊ नका. डार्क दोन कामांना येतो : वजा करायला आणि खराब पिक्सेलची यादी करायला. वजाबाकीला तोच आयएसओ, तेवढाच वेळ आणि तेच तापमान लागतं. यादीला फक्त जागा कळल्या तरी पुरतं. आज रात्री बाहेर, झाकण लावून, २-२ मिनिटांचे २५ डार्क काढा. व्ह्यूफाइंडरवर काळी पट्टी चिकटवा, कारण तिथून उजेड शिरतो आणि अख्खी यादी बिघडते. पाऊस पडून हवा थंड झाली असेल तर हे डार्क वजा मात्र करू नका. गरम पिक्सेल अर्धेमुर्धे उरतील. उलट डार्क जास्त गरम असतील तर त्या जागी काळी भोकं पडतील.

आता सिरिल. २५ डार्क एकत्र करून एक मास्टर डार्क बनवा, नॉर्मलायझेशन बंद ठेवून. त्यावर ‘फाइंड हॉट’ ही आज्ञा चालवली की यादीची एक साधी मजकुराची फाइल मिळते. तिच्यात प्रत्येक ओळीवर एक पिक्सेल असतो. मग कॅलिब्रेशनच्या पानावर कॉस्मेटिक करेक्शनमध्ये (ठिपक्यांच्या दुरुस्तीत) ही फाइल द्या आणि ‘सीएफए’ची (सेन्सरवरच्या रंगीत जाळीची) खूण नक्की करा. पुढच्या वेळी त्याच रात्रीचे डार्क असतील तर यादीची गरज नाही, थेट मास्टर डार्कवरूनच करेक्शन निवडता येतं.

उंबरठा ३ सिग्मा (सरासरीच्या वर ३ प्रमाण विचलनं) ठेवू नका. निव्वळ यादृच्छिक गोंगाटातही ३ सिग्माच्या वर ०.१३५ टक्के पिक्सेल जातातच. २४ मेगापिक्सेलमध्ये ते झाले ३२ हजार निरपराध पिक्सेल. ५ सिग्माला हाच आकडा सातावर येतो. तेव्हा हॉट ५ पासून सुरू करा. कोल्ड सोडून द्या, मेलेले पिक्सेल डार्कमध्ये ओळखू येत नाहीत, त्यांना फ्लॅट (एकसारख्या उजेडाचा फोटो) लागतो. यादीत काही हजार पिक्सेल आले तर ठीक. दोन-तीन लाख आले तर डार्कमध्ये उजेड शिरला असं समजा.

‘सीएफए’वर एवढा भर का? रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला एकच रंग असतो. लाल पिक्सेलचा लाल शेजारी दोन घरं पलीकडे, निळ्याचं तेच, हिरव्याचा शेजारी तिरप्या कोपऱ्यात. खूण विसरलात तर सॉफ्टवेअर लालच्या जागी हिरव्या-निळ्याची किंमत भरतं आणि नवा रंगीत ठिपका तयार होतो. आधी डिबेअर करून (प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग भरून) मग दुरुस्ती केली तर त्याहून वाईट. एका पिक्सेलचा दोष आजूबाजूला वाटला जाऊन अधिक चिन्हासारखा डाग होतो, आणि तो यादीतल्या एका जागेत मावत नाही. क्रम असा : कॅलिब्रेशन, ठिपक्यांची दुरुस्ती, डिबेअर, जुळवणी, स्टॅकिंग.

पऱ्हाटीच्या तासात नांगी (रोप न उगवलेली जागा) पडली की आपण बी टोबतो, तसंच हे काम. फरक एवढाच की तिथं खरं रोप उगवतं. इथं शेजारच्या झाडांकडे बघून ‘इथंही तेवढीच बोंडं असतील’ असं वहीत लिहून मोकळं व्हायचं असतं.

पुढच्या वेळी दर ४ फोटोंनंतर ट्रॅकरची दिशा १०-१५ पिक्सेलनं हलवा, दर वेळी वेगळ्या बाजूला. तुमच्या लेन्सला ४ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे ६ विकला (आर्कसेकंद). म्हणजे दीड कलेचा (९० विकलांचा) धक्का पुरे. मग यादीतून सुटलेले ठिपके सिग्मा क्लिपिंग (स्टॅक करताना फार वेगळ्या किमती वगळणं) बाहेर काढतं.

प्रश्न : डार्क न वापरता ‘आपोआप ठिपके काढा’ हा पर्याय वापरला. ठिपके गेले, पण बारीक तारेही गेले.
— वाचक, ता. मेहकर

उत्तर : जाणारच. छोट्या लेन्सनं बारीक तारा एक-दीड पिक्सेलचाच उमटतो. शेजाऱ्यांपेक्षा एकटाच उजळ, म्हणजे प्रोग्रामच्या नजरेत तो खराब पिक्सेलच. आकाशाच्या फोटोवरून ठिपके शोधू नका, डार्कवरून शोधा. डार्कमध्ये तारे नसतात.

प्रश्न : बदलत्या ताऱ्याची तेजस्विता मोजतो. ताऱ्याच्या अगदी मध्यावर खराब पिक्सेल आला तर इंटरपोलेशन करून (शेजाऱ्यांवरून किंमत भरून) मोजलं तर चालेल?
— एम.एस्सी. विद्यार्थी, ता. मूल

उत्तर : नाही. हिशोब करून बघा. काळ्यापांढऱ्या कॅमेऱ्यात ताऱ्याची अर्धउंचीवरची रुंदी २.५ पिक्सेल आणि मधल्या पिक्सेलला पार्श्वभूमीच्या वर १०,००० एकक आहेत असं धरू. एक घर बाजूला ती किंमत सुमारे ६,४०० असते. चार शेजाऱ्यांची सरासरी मध्ये भरली की तुम्ही ३,६०० गमावले. मधल्या पिक्सेलमध्ये ताऱ्याचा सुमारे १४ टक्के प्रकाश असतो, म्हणजे एकूण प्रकाश ५ टक्क्यांनी, जवळपास ०.०६ प्रतींनी (मॅग्निट्यूडनी) कमी मोजला जातो. रंगीत सेन्सरवर नुकसान जास्त. हिरव्यात १०,००० ऐवजी ४,१०० भरले जातात, लाल-निळ्यात फक्त १,७००.

मीरासारख्या खूप बदलणाऱ्या ताऱ्याला ०.०६ नं काही फरक पडत नाही. पण परग्रहाच्या अधिक्रमणात (ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा) तेजस्वितेतला खड्डाच एक-दोन टक्क्यांचा असतो, तो यात बुडून जाईल. शिवाय तारा रात्रभरात सरकत त्या पिक्सेलवर येतो आणि निघून जातो, तेवढ्यापुरता मंद दिसतो. हे खोटं बदलणं खऱ्यापेक्षा जास्त देखणं असतं, सांभाळा. मोजणीच्या वर्तुळात यादीतला पिक्सेल आला तर ती फ्रेम टाकून द्या. पार्श्वभूमीच्या कड्यात आला तर नुसता वगळा, भरू नका.

प्रश्न : जुन्या सीसीडी कॅमेऱ्याच्या फिट्स (खगोलशास्त्रातल्या चित्रांच्या) फाइलमध्ये १२०७ वा स्तंभ खराब आहे. पायथॉनमध्ये दुरुस्त केला, तरी रेघ तशीच, आणि शेजारी दुसरी पुसट रेघ आली.
— वाचक, ता. अर्जुनी मोरगाव

उत्तर : तुम्ही शेजारचा चांगला स्तंभ दुरुस्त केला. फिट्स पाहण्याची सॉफ्टवेअरं १ पासून मोजतात, पायथॉन ० पासून. शिवाय पायथॉनमध्ये आधी ओळ, मग स्तंभ. त्यामुळे तुमचा स्तंभ १२०६ क्रमांकाचा, आणि तो दुसऱ्या जागी लिहायचा.

अ‍ॅस्ट्रोपाय या पायथॉनच्या संचातलं रिकाम्या जागा भरणारं फंक्शन वापरणार असाल तर आधी चित्र फ्लोट प्रकारात बदला. पूर्णांकांच्या चित्रात ‘नॅन’ (रिकाम्या जागेची खूण) ठेवताच येत नाही. १ पिक्सेल प्रमाण विचलनाचा गॉसियन कर्नल (शेजाऱ्यांना वजन देणारी चौकट) ९ बाय ९ चा होतो. एका स्तंभाला तो भरपूर आहे, पण त्याहून मोठ्या ठिगळाचा मधला भाग रिकामाच राहील. खराब स्तंभ नेहमी आडवा, डाव्या-उजव्या शेजाऱ्यांवरून भरायचा. आयराफ या जुन्या सॉफ्टवेअरमधलं फिक्सपिक्सही अरुंद बाजूनंच भरतं.

प्रश्न : एकाच फोटोत चमकदार वाकडी रेघ आली, पुढच्यात नाही. यादीत टाकू?
— वाचक, ता. रामटेक

उत्तर : नका टाकू. तो बहुधा वैश्विक किरणाचा कण आहे, पुन्हा त्याच जागी येणार नाही. आठ-दहा फोटो असतील तर सिग्मा क्लिपिंगच त्याला काढेल. एकच फोटो असेल तर एल. ए. कॉस्मिक पद्धत वापरा. ती कडांचा तीक्ष्णपणा बघते आणि ताऱ्यांना सहसा हात लावत नाही. पण तुमचे तारे एक-दीड पिक्सेलचे असतील तर तिच्यावरही विसंबू नका.