दुर्गम दवाखान्यात मलेरियासाठी पीसीआर किंवा लॅम्प चाचणी ठेवावी का?

तुमचा दवाखाना आडबाजूला आहे, मलेरियाचं निदान रॅपिड किट आणि स्लाइडवर (काचेवरचं रक्त मायक्रोस्कोपखाली बघून) चालतं, आता थोडा निधी हाताशी आलाय आणि मॉलिक्युलर चाचणी, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी पीसीआर किंवा लॅम्प, सुरू करावी का, असं तुम्ही विचारताय. मी लॅबमध्ये आधी स्लाइड बघायचो, नंतर पीसीआर आणि लॅम्पही केलं. त्या अनुभवावरून सांगतो: ताप घेऊन समोर बसलेल्या पेशंटसाठी बहुतेक वेळा तिची गरज नसते.

मलेरियाने तापलेल्या माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सहसा शेकड्यांनी, हजारांनी परजीवी असतात. किटला साधारण १०० ते २०० पुरतात, मुरलेल्या टेक्निशियनला स्लाइडवर त्याहून कमीही सापडतात. पीसीआर एकापर्यंत किंवा त्याच्याही खाली जातं, हे खरं. पण शहरातल्या लॅबचा रिपोर्ट आठवड्याने आला तर ती अचूकता घेऊन करायचं काय? फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सर्वांत घातक परजीवी, तेवढे दिवस थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही रोजच्या उपचारासाठी किट आणि मायक्रोस्कोपच धरून चालते.

पीसीआरची खरी गरज पडते ती दोन ठिकाणी. एक, ताप नसलेल्या पण रक्तात थोडे परजीवी बाळगणाऱ्या माणसांच्या सर्वेक्षणात; डास त्यांनाही चावतातच आणि मलेरिया पुढे नेतात. दुसरं कारण तुमच्या जास्त जवळचं आहे. फाल्सिपेरमची बहुतेक किटं एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात, आणि काही परजीवींमध्ये त्याचं जनुकच नसतं. २०१० मध्ये पेरूच्या ॲमेझॉन भागातून हे पुढे आलं. एरिट्रियात तर प्रमाण इतकं वाढलं की किटं बदलावी लागली. अशा पेशंटचं किट निगेटिव्ह येतं आणि स्लाइडवर मात्र परजीवी ढिगाने दिसतात. असं दोन-चारदा दिसलं तरी पीसीआर करणाऱ्या लॅबकडे नमुने पाठवा.

पाठवायला मशीन लागत नाही, फिल्टर पेपर पुरतो. बोट टोचून निघालेला प्रत्येक थेंब वेगळ्या वर्तुळात घ्या, कागद सावलीत पूर्ण वाळू द्या, माश्या बसू देऊ नका. मग एकेक कागद स्वतंत्र झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. घाईघाईने ओलसर कागद बंद केला तर बुरशी धरते, नमुना वाया जातो.

तरीही चाचणी जागेवरच करायची असेल तर लॅम्प बघा. पीसीआरला तापमान सतत वर-खाली करणारं मशीन लागतं. लॅम्प ६० ते ६५ अंशांवर, एकाच तापमानात, तासाभरात उरकतं. काही किटांत रसायनं नळीच्या झाकणातच वाळवलेली असतात, त्यामुळे फ्रिजचीही अडचण येत नाही. अडचण वेगळीच आहे. पॉझिटिव्ह नळीत डीएनएच्या अब्जावधी प्रती तयार झालेल्या असतात. झाकण एकदा उघडलं की त्या टेबलावर, पिपेटवर, हातमोज्यांवर पसरतात आणि पुढचे निरोगी लोकही पॉझिटिव्ह दिसू लागतात. म्हणून नमुना तयार करायची खोली वेगळी, नळ्या तापवणाऱ्या हीट ब्लॉकची वेगळी, वापरलेली नळी न उघडता टाकायची, आणि प्रत्येक फेरीत रक्ताऐवजी नुसतं पाणी घातलेली एक नळी ठेवायची. ती पॉझिटिव्ह आली तर ती अख्खी फेरी रद्द. एकाच खोलीत, एकट्या टेक्निशियनला, ओपीडी सांभाळून हे रोज जमेल असं मला वाटत नाही.

माहितीपत्रकातल्या ‘अतिसंवेदनशील’ या शब्दालाही भुलू नका. समजा दर १० मायक्रोलिटरला एक परजीवी आहे आणि तुम्ही ५ मायक्रोलिटर रक्त घेतलंत. निम्म्याहून जास्त वेळा त्या नळीत एकही परजीवी गेलेला नसेल. मग चाचणी कितीही भारी असो. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराचे यकृतात दडून बसलेले परजीवी तर यातल्या कुठल्याच रक्तचाचणीत दिसत नाहीत.

माझ्या हातात तुमचा निधी असता तर १०० एक्सची ऑइल लेन्स असलेला चांगला मायक्रोस्कोप, स्लाइड रंगवायचा ताजा गिम्सा आणि पीएच ७.२ वर स्थिर ठेवणारं बफर द्रावण आधी घेतलं असतं. पीएच बिघडला की रंग नीट चढत नाही आणि परजीवी असूनही नजरेतून सुटतात. उरलेल्या पैशांत फिल्टर पेपर आणि नमुने पाठवायची सोय. लॅम्पचा विचार दुसरी खोली आणि दुसरा माणूस मिळाल्यावर.