पानाची मांडणी: टेबल कुठून काढायचं, कुठे ठेवायचं

सांगलीत आमचं बेदाण्याचं अडत दुकान आहे. 2008 साली करून घेतलेलं संकेतस्थळ फोनवर बोटांनी मोठं करून, आडवं सरकवत वाचावं लागतं. सगळं पान टेबलात (म्हणजे ओळी-कॉलमच्या तक्त्यात) टेबल घालून केलंय. सगळंच नव्याने करावं लागेल का?

नाही. मजकूर तोच राहील, सांगाडा बदलेल. पानाचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली शिफारस, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने डिसेंबर 1996 मध्येच केली होती, पण ब्राउझर ती नीट पाळेनात. म्हणून लोक टेबलाच्या घरांत मेनू, मजकूर, फोटो बसवायचे आणि फट राखायला एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र घालायचे. अडचण अशी, की टेबलाच्या एका ओळीतली घरं शेजारीशेजारीच राहतात. पडदा कितीही अरुंद असो, ती आपणहून खाली उतरत नाहीत.

आधी टेबलं काढा आणि मजकूर वाचायच्या क्रमाने एकाखाली एक लावा: हेडर (माथा), नॅव्ह (मेनू), मेन (मुख्य मजकूर), फूटर (तळ). फोनपुरतं पान इथेच तयार झालं. मग मीडिया क्वेरी, म्हणजे सीएसएसमधली पडद्याच्या रुंदीची अट, लिहून, पडदा 700 पिक्सेलपेक्षा रुंद असेल तेव्हाच, बाहेरच्या डब्याला ‘डिस्प्ले: ग्रिड’ द्या, म्हणजे आतले भाग ओळी-कॉलमांच्या जाळीत बसतील. कॉलम दोन: मेनूला 200 पिक्सेल, मजकुराला ‘1 एफआर’, म्हणजे उरलेली सगळी जागा. हेडर आणि फूटरला ‘ग्रिड-कॉलम: 1 / -1’ लावलं की ते पूर्ण रुंदी घेतात. पानाची रुंदी फोनच्या पडद्याइतकी धरायला सांगणारी व्ह्यूपोर्टची मेटा ओळ मात्र विसरू नका. ती नसली की फोन पान साधारण 980 पिक्सेलचं धरतो आणि तुमची रुंद मांडणीच बारीक करून दाखवतो. एवढ्या एका ओळीपायी दिवसदिवस वाया गेलेले मी पाहिलेत.

मी कराडला डिप्लोमा करते. ‘टेबल वापरायचं नाही’ असं शिकवलं, म्हणून प्रोजेक्टमधला हळदीच्या दरांचा तक्ताही डिव्हने, म्हणजे साध्या डब्यांनी, केला. बरोबर ना?

इथे चुकलं. राजापुरी हळद, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर: हा तक्ताच आहे आणि त्याला टेबलच हवं. नियम टेबलाविरुद्ध नव्हताच, मांडणीसाठी टेबल वापरण्याविरुद्ध होता.

साताऱ्यात एका दृष्टिहीन विद्यार्थ्याशेजारी बसून मी हा फरक ऐकलाय. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, लावून तो कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाच्या कळांनी घराघरांतून फिरत होता. नीट केलेल्या तक्त्यात कॉलम बदलला की आधी ‘कमाल दर’ ऐकू यायचं, मग आकडा. डिव्हच्या तक्त्यात नुसते आकडे, एकामागून एक. कुठला किमान, कुठला कमाल, कसं कळणार? तो थांबून म्हणाला, ‘सर, हे पाठ करत जायचं का?’ तेव्हा शीर्षकाची घरं टीडी या साध्या घराच्या टॅगने नाही, टीएच या शीर्षकाच्या टॅगने करा, ते शीर्षक ओळीचं की कॉलमचं हे सांगणारा स्कोप त्यांना द्या आणि वर कॅप्शन, म्हणजे तक्त्याचं नाव, लिहा. रंग, रेघा सीएसएसवर सोपवा.

मग डबे डावी-उजवीकडे सरकवून मांडणी करायची जुनी पद्धत, फ्लोट, शिकायची की नाही?

फोटोभोवती मजकूर वळवण्यापुरती. मार्च 2017 मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हींत ग्रिड आलं. आता पानाला ग्रिड आणि मेनूसारख्या एका रांगेला फ्लेक्सबॉक्स ही सीएसएसचीच एका दिशेची मांडणी घ्या.

साताऱ्यात आमचं कंदी पेढ्यांचं दुकान आहे. दिवाळीच्या ऑर्डरसाठी ग्रिड वापरून मेल केला. माझ्या फोनवर ठीक दिसतो, पण एका कंपनीच्या आउटलुकमध्ये सगळं एकाखाली एक आलं.

मेलमध्ये टेबलच ठेवा. विंडोजवरचं जुनं आउटलुक 2007 पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं आणि त्याला ग्रिड कळत नाही. मांडणीच्या त्या टेबलाच्या टॅगमध्ये ‘रोल’ या गुणधर्मात ‘प्रेझेंटेशन’ लिहा, म्हणजे स्क्रीन रीडर तो तक्ता समजून ओळी-कॉलम मोजत बसणार नाही. आणि दरपत्रक फोटोत टाकू नका, मजकुरातच लिहा. बऱ्याच कंपन्यांत मेलमधले फोटो आपोआप उघडत नाहीत, मग पेढ्याचा भावच दिसत नाही.