डायलिसिस, मन आणि फोनवरची मदत

प्रश्न : माझे मिस्टर (वय 46) आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. हल्ली कुणाशी बोलत नाहीत, जेवण निम्म्यावर आलंय. तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ नाहीत. डायलिसिसचे चार तास ते पडूनच असतात, तेव्हा फोनवर समुपदेशन घेतलं तर चालेल का?
– एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : फोनवरून मदत जरूर घ्या, पण मनातलं बोलायला डायलिसिसचा बेड ही जागा नव्हे. शेजारचा पेशंट हाताच्या अंतरावर असतो. मरणाची भीती, पैशाची ओढाताण, नवरा-बायकोतलं अंतर, हे तिथे तोंडातून निघत नाही. शेवटच्या तासात बीपी उतरतं, पायात गोळे येतात. डायलिसिस नसलेला दिवस ठरवा. बेडवर फार तर श्वासाच्या व्यायामाचा ऑडिओ ऐकू द्या, तोही दुसऱ्या तासात. फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया लावलेला) हात हलवायचा नाही, म्हणून फोन स्टँडवर ठेवा आणि इअरफोन एकाच कानात घाला. मशीनचा अलार्म ऐकू यायला हवा.

सुरुवात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनपासून करा : 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे जोडून देतात. किडनीचा आजार आणि चालू गोळ्या पहिल्याच फोनला सांगा. लिथियमसारखं मनाच्या आजाराचं औषध किडनीवाटेच बाहेर पडतं, त्यामुळे डायलिसिसवरच्या पेशंटला नेहमीचा डोस चालत नाही. नवी गोळी नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारूनच सुरू करा.

मोबाइल ॲपमधल्या चाचण्या मात्र जपून वापरा. पीएचक्यू-9 या नैराश्याच्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, जास्तीत जास्त गुण 27. 10 किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायचं. पण त्यातला थकवा, झोप, भूक हे प्रश्न किडनीच्या आजारातही गुण वाढवतात. हिमोग्लोबिन घसरलं किंवा डायलिसिस अपुरं पडत असलं तरी माणूस असाच गळून जातो. म्हणून नुसत्या बेरजेवर जाऊ नका. कशात रस उरलाय का, मन सतत खिन्न असतं का, ही पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट पाहा. सोबत ताजे रिपोर्टही दाखवा.

नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. तिथे शून्याखेरीज (‘अजिबात नाही’ सोडून) काहीही उत्तर आलं, किंवा ‘आता डायलिसिस पुरे’ असं ते म्हणाले, तर त्यांना एकटं सोडू नका. लगेच 14416 लावा आणि त्याच दिवशी डायलिसिस युनिटला कळवा. डायलिसिस चुकलं की पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं.

प्रश्न : मला फार कमी ऐकू येतं. ऑनलाइन समुपदेशन जमेल का?

उत्तर : जमेल. व्हिडिओ कॉल मागा आणि समोरच्यांना उजेड चेहऱ्यावर घ्यायला सांगा, म्हणजे ओठ दिसतील. कॉल एका फोनवर स्पीकर लावून घ्या आणि शेजारी दुसऱ्या फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब (बोललेलं अक्षरांत दाखवणारं ॲप) मराठीत सुरू ठेवा. एकाच फोनवर दोन्ही केलं तर माइक अडतो. औषधांची नावं आणि आकडे त्यात हमखास चुकतात, ते चॅटवर लिहूनच घ्या.