ड्यूक ऑफ वेलिंग्टन खरोखर थोर सेनापती होता, की वॉटर्लूला त्याचे नशीब बलवत्तर ठरले?

आपण विचारले आहे की, 1815 मध्ये नेपोलियनविरुद्धच्या वॉटर्लूच्या लढाईत सेनापती ब्ल्यूखरची प्रशियन (जर्मन) फौज ऐन वेळी मदतीला पोहोचली नसती तर वेलिंग्टनचे नाव आज कोणी घेतले असते का. माझे उत्तर असे आहे की, त्याची पारख करायची असेल तर वॉटर्लूपासून सुरुवात करू नये. त्या लढाईच्या बारा वर्षे आधी, आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदनजवळच्या असई या लहानशा गावाशेजारी त्याने जे केले, त्यात त्याचे सारे गुण आणि काही दोषही स्पष्ट दिसतात.

वेलिंग्टनचे मूळ नाव आर्थर वेलस्ली. त्याचा जन्म 1769 साली आयर्लंडमधील एका उमराव घराण्यात झाला. लहानपणी त्याच्यात कोणाला काही विशेष दिसले नाही. त्या काळच्या ब्रिटिश सैन्यात हुद्दे विकत मिळत असत आणि त्यानेही ते तसेच मिळवले. 1793 मध्ये तो 33 व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला आणि त्याच वर्षी त्याने आपली आवडती व्हायोलिने स्वतःच्या हाताने जाळून टाकली. पुढची दोन वर्षे फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडील) मोहिमेत गेली. तिथे रसदीची दैना आणि वरिष्ठांचा ढिसाळपणा त्याने जवळून पाहिला. युद्धात काय करू नये हे आपण तिथे शिकलो, असे तो पुढे सांगत असे. 1797 मध्ये तो कलकत्त्याला उतरला आणि पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल झाला. या नात्याचा त्याला फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण नशीब नेहमीच त्याच्या बाजूने नव्हते. 1799 मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात रात्रीच्या अंधारात, आधी न पाहिलेल्या एका बागेवर केलेला त्याचा हल्ला पुरता फसला. जागा दिवसाउजेडी पाहिल्याशिवाय तयारीत असलेल्या शत्रूवर रात्री चालून जाणार नाही, असा धडा त्याने त्या रात्री घेतला. मला त्याच्या कारकिर्दीतले हे अपयश फार महत्त्वाचे वाटते, कारण यापुढे तो जमीन वाचायला शिकला. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर म्हैसूरचा कारभार सांभाळताना आणि 1800 मध्ये बंडखोर धोंडिया वाघाचा पाठलाग करताना तो दुसरी गोष्ट शिकला, ती म्हणजे बैल. म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे चपळ बैल, धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे आणि पूर आलेल्या नद्या ओलांडण्यासाठी कातड्याने मढवलेल्या टोपलीच्या नावा, यांचा हिशेब तो पलटणींच्या हिशेबाइतक्याच बारकाईने ठेवत असे. त्याची पत्रे वाचताना हा सेनापती आहे की मालवाहतुकीचा कारभारी, असा प्रश्न पडावा इतके बैल त्यांत आहेत. दख्खनमध्ये पायदळाच्या शौर्याइतकेच या तयारीवर यश अवलंबून होते.

ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, दुसरे बाजीराव पळून गेले आणि 31 डिसेंबरला त्यांनी इंग्रजांबरोबरच्या वसईच्या तहावर सही केली. त्या तहाच्या आधाराने वेलस्ली एप्रिल 1803 मध्ये पुण्यात आला. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू होताच त्याने अहमदनगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावून पेठ घेतली आणि 12 ऑगस्टला किल्लाही ताब्यात आला. त्याच्या छावणीत असलेले पेशव्यांचे सरदार गोखले यांनी तेव्हा आश्चर्याने लिहिल्याचे सांगतात की, हे इंग्रज विलक्षण लोक आहेत. सकाळी आले, तट पाहिला, त्यावरून चालत गेले, आतली शिबंदी कापून काढली आणि न्याहारीला परत फिरले.

आता असई. ही लढाई झाली 23 सप्टेंबर 1803 रोजी. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांची छावणी कुठे आहे, असे वेलस्लीने आपल्या हरकाऱ्यांना (जासूदांना) विचारले होते आणि त्यांनी ‘भोकरदन’ असे सांगितले होते. ते सांगत होते परगण्याचे नाव. तो समजला गाव. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेसह करायच्या हल्ल्याचा बेत बाजूला राहिला आणि लांबची मजल मारून थकलेल्या सैन्यानिशी तो अपेक्षेपेक्षा कितीतरी आधी मराठ्यांच्या समोर येऊन ठेपला. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या कवायती पलटणी, त्यांच्या जोडीला हजारो घोडेस्वार आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. प्रत्यक्ष लढाईत उतरवता येईल असे वेलस्लीचे सैन्य जेमतेम साडेचार हजार होते.

वाटाड्यांनी सांगितले की नदीला जवळपास उतार, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी जागा, नाही. त्याने पूर्वेकडे नजर टाकली, तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवर अगदी समोरासमोर दोन गावे दिसली. जिथे अशी गावे आहेत तिथे माणसे एकमेकांकडे जात-येत असणारच, म्हणजे उतार असणारच, असा तर्क करून त्याने सैन्य तिकडे वळवले आणि उतार खरोखरच निघाला. नदी ओलांडताना त्याच्या शेजारच्या स्वाराचे डोके तोफेच्या गोळ्याने उडाले. पुढे शिंद्यांच्या पलटणींनी आपली फळी झटपट फिरवून पुन्हा त्याच्या समोर आणली. हा सारा सराव होता आणि तो उत्तम होता. गोलंदाजांनी असा मारा केला की वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल मेले, तोफा जागीच सोडाव्या लागल्या आणि पायदळाला संगिनी रोखून पुढे जावे लागले. काही गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकताच उठून त्यांनी त्याच तोफा मागून त्याच्यावर डागल्या. वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला, दुसऱ्याला भाला लागला. त्याच्या उजव्या अंगाला 74 वी पलटण चुकीच्या दिशेने, थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली आणि जवळजवळ नष्ट झाली; घोडदळाने धाव घेतली म्हणूनच ती बाजू सावरली. सायंकाळी 98 तोफा त्याच्या हाती होत्या, पण त्याची मेलेली व जखमी माणसे दीड हजारांवर गेली होती. मराठ्यांचा मारा पाहून आपले सैन्य पुढे जाईल की नाही, अशी एकदा शंका आली होती, हे त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे. ही लढाई शिंद्यांच्या शिपायांनी आणि गोलंदाजांनी हरली नाही, असे माझे ठाम मत आहे. ती हरली ती दोन्ही सरदारांनी लढाई रंगात असताना मैदान सोडल्यामुळे.

त्यानंतर 29 नोव्हेंबरला त्याने अडगावची लढाई जिंकली, 15 डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड घेतला, आणि वर्षअखेर देवगाव व सुर्जी-अंजनगावचे तह झाले. 1805 मध्ये तो मायदेशी निघाला.

नेपोलियन त्याला ‘शिपायांचा (म्हणजे हिंदी सैनिकांचा) सेनापती’ म्हणून हिणवत असे, पण युरोपात तो लढला तो दख्खनमध्ये शिकलेल्याच पद्धतीने. 1809 मध्ये पोर्तुगालात डौरो नदीवर फ्रेंचांनी पूल उडवला, तेव्हा पलीकडच्या काठावरच्या वाइन वाहणाऱ्या होड्या मिळवून त्याने दिवसाढवळ्या सैन्य पार नेले. पुढच्या वर्षी लिस्बनच्या उत्तरेला टोरेस वेद्रासच्या तटबंदीमागे तो बसून राहिला. त्याला समुद्रातून रसद मिळत होती आणि उजाड केलेल्या मुलखात फ्रेंच उपाशी मरत होते. स्पेनमधील 1812 चे सालामांका आणि 1813 चे विटोरिया हे विजय याच धीराची फळे आहेत. मात्र 1812 मध्येच स्पेनमधील बाडाहोसच्या तटावर त्याने हजारो माणसे गमावली आणि नंतर त्याच्या सैनिकांनी त्या शहरात जे अत्याचार केले, ते तो दिवसांमागून दिवस रोखू शकला नाही. त्याच्या नावावरचा हा डाग पुसता येत नाही.

वॉटर्लूबद्दल थोडक्यात सांगतो. 18 जून 1815 ची ती जागा त्याने आधी पाहून ठेवली होती, बरेचसे सैन्य टेकाडाच्या पाठीमागच्या उतारावर झाकून ठेवले होते, आणि ब्ल्यूखरने मदतीला येण्याचा शब्द दिला म्हणूनच तो तिथे उभा राहिला. ठरवून मागितलेली मदत ठरल्याप्रमाणे आली, तर तिला नशीब म्हणता येत नाही. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान म्हणून मात्र तो सेनापतीइतका मोठा ठरला नाही. 1829 मध्ये त्याने कॅथलिकांना राजकीय हक्क मिळवून दिले हे खरे, पण मताधिकाराच्या सुधारणेला केलेल्या विरोधापायी लोकांनी त्याच्या लंडनच्या घराच्या काचा फोडल्या. 1852 मध्ये त्याचे निधन झाले.

आपल्याला शक्य असेल तर असईला जाऊन या, आणि तेही पावसाळा सरता सरता. गावातून सुरुवात न करता केळणेच्या दक्षिण काठाने पूर्वेकडे चालत जा. दोन्ही काठांची गावे एका नजरेत दिसतील तिथे थांबा. तो उतार तिथेच होता.