शाळेतल्या आघात-संवेदनशील (मानसिक आघात सोसलेल्या मुलांना समजून घेऊन वागणाऱ्या) कार्यक्रमाचा खरंच उपयोग होतोय का, हे कसं मोजायचं?

आधी कार्यक्रम वर्गात उतरलाय का ते बघा. प्रशिक्षणाची हजेरी म्हणजे अंमलबजावणी नव्हे. महिन्यातून एकदा प्रत्येक वर्गात २० मिनिटं बसून ठरावीक गोष्टी टिपा: मूल बिथरलं की शिक्षकांचा आवाज चढतो की खाली येतो? शांत कोपऱ्यात मूल स्वतःहून जातं, की शिक्षा म्हणून धाडलं जातं? हे दुसरं दिसलं तर पुढचे आकडे कार्यक्रमाविषयी काहीच सांगणार नाहीत.

सुरुवातीआधीच्या किमान एका वर्षाची गैरहजेरी आणि वर्गाबाहेर काढल्याच्या नोंदी हाताशी ठेवा. तुलना त्याच महिन्याशी करा, परीक्षेच्या दिवसांत ताण वाढतोच. शिस्तभंगाच्या नोंदी घटल्या म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. बऱ्याचदा शिक्षकांनी लिहिणंच सोडलेलं असतं. उलट, मुलं समुपदेशकाकडे जास्त येऊ लागली तर ते अपयश नव्हे, विश्वास वाढल्याचंही लक्षण असू शकतं.

आघात-संवेदनशील कामाकडे बघण्याच्या शिक्षकांच्या दृष्टिकोनासाठी आर्टिक (ARTIC) प्रश्नावली (४५, ३५ किंवा १० विधानांची) वापरा, मुलांसाठी २५ विधानांची एसडीक्यू (SDQ, मुलांच्या भावना आणि वागणुकीची प्रश्नावली). एसडीक्यू फक्त शिक्षकांकडून भरून घेऊ नका, मेहनत घेतलेल्याला सुधारणा दिसतेच. आणि कृपा करून मुलांना काय सोसलं ते विचारू नका; मूल्यमापनाला त्याची गरज नाही.

तुलनागट (कार्यक्रम न मिळालेल्या मुलांचा गट) हवाच. २०१९ मध्ये कॅम्पबेल या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात शाळांतल्या अशा कार्यक्रमांवरचा निकषांत बसणारा एकही अभ्यास सापडला नव्हता. जमल्यास चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांत कार्यक्रम एक वर्ष उशिरा सुरू करा.