आईच्या जुन्या काळ्या मशीनवर ट्रेकची सॅक शिवता येईल का? टाके सुटतात, सुया मोडतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी आईची पायाची काळी मशीन आहे. सुती कापड छान शिवते. कॉर्ड्युराची, म्हणजे जाड चिवट नायलॉनच्या कापडाची, सॅक घेतली की पट्ट्याच्या जोडापाशी टाके सुटतात, दोन दिवसांत चार सुया मोडल्या, आणि दुकानदार म्हणतो ही मोडीत काढा, कारखान्याची मशीन घ्या. रॅपलिंगचा हार्नेस, म्हणजे दोरावरून उतरताना कमरेला बांधायचा पट्टा, हिच्यावर शिवला तर चालेल का, हेही विचारलंय.

मशीन विकू नका. सुती कापडावर टाका सरळ पडतोय, म्हणजे ती ठणठणीत आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. आमच्या बोळात एका घरात यंत्रमाग, तर शेजारच्या घरात शिलाई मशीन. आई शाळेचे गणवेश नगावर शिवायची आणि सुट्टीत मी कॉलर उलटवून द्यायचे. तीच मशीन आता माझ्याकडे आहे. तिच्यावर मी आमच्या ट्रेकच्या ग्रुपसाठी सॅक, रेनकव्हर, गेटर (पोटरीवर बांधायचं आवरण) शिवते आणि ओळखीतल्या बायकांच्या मशिनी दुरुस्त करते. दुरुस्ती शिकले ती एका अण्णांकडून. मशीन समोर आली की ते आधी जुनी सुई काढून टाकायचे, नवी लावायचे आणि मगच विचारायचे, काय होतंय? कितीतरी मशिनी तेवढ्यावरच चालायला लागायच्या.

आता तुमच्याकडे नेमकं काय घडतंय ते बघा. सुई तळाला जाऊन किंचित वर येते तेव्हा तिच्या एका अंगाला दोऱ्याचा छोटा फास सुटतो. शटल म्हणजे बॉबीनभोवती फिरणारा आकडा. त्याचं टोक त्या फासात शिरतं आणि वरचा दोरा बॉबीनच्या दोऱ्याभोवती फिरवतं. हा सगळा खेळ केसभर अंतराचा. कॉर्ड्युराचे चार थर आणि मध्ये नायलॉनची निवारपट्टी आली की बारीक सुई वाकते. शटलपासून लांब वाकली तर टोक फासात शिरत नाही, टाका सुटतो. शटलच्या बाजूला वाकली तर टोकावर आपटते आणि मोडते. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

म्हणून सुरुवात सुईपासून. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या मशिनी सिंगरच्या १५ नंबरच्या घडणीवर बेतलेल्या आहेत आणि त्यांची सुई १५×१, म्हणजेच एचए×१. तिची मान एका बाजूने चपटी असते. कारखान्याच्या मशीनची डीबी×१ सुई गोल मानेची, ती हिला चालत नाही. सोलापुरात गणवेशाचं काम एवढं आहे की काउंटरवर नुसतं ‘सोळा नंबर द्या’ म्हटलं की हातात डीबी×१ची पुडी पडते. माझ्याही पडली होती, आणि एक अख्खी दुपार मी मशीनला दोष देत बसले होते. पुडीवरचा नंबर वाचूनच पैसे द्या. सुई बसवताना वरपर्यंत टेकवायची, चपटी बाजू शटलच्या टोकाकडे. दुसऱ्या अंगाला जी लांब खाच दिसते, त्या बाजूने दोरा ओवायचा.

पातळ रिपस्टॉपला (चौकड्यांच्या विणीचं, सहज न फाटणारं कापड) ११ नंबर, २१० ते ४२० डेनिअरच्या कापडाला १४, हजार डेनिअरच्या कॉर्ड्युराला १६ आणि निवारीच्या जोडाला १८. घरच्या मशीनवर मी १८च्या वर जात नाही. डेनिअरचा आकडा आपल्या लोकांना हमखास चकवतो, कारण मागावरचं सूत काउंटमध्ये मोजायची सवय: काउंट वाढला की सूत बारीक. डेनिअरचं उलट आहे. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर, त्यामुळे आकडा वाढेल तसा धागा जाड. एक सॅक झाली की सुई टाकून द्यायची. कोटिंगचं कापड तिचं टोक फार लवकर बोथट करतं.

दोऱ्याबाबत मी धडा राजगडावर शिकले. रात्रीची गाडी पकडून पुण्याला, तिथून गुंजवण्याला, आणि उतरताना भर पावसात डाव्या खांद्याचा पट्टा सुटला. कापड शाबूत, निवार शाबूत, फक्त शिवण गेलेली. घरात होता म्हणून सुती दोरा वापरला होता. दोन पावसाळे आणि आपलं ऊन यांनी तो कुजला होता. बाहेरच्या सामानाला पॉलिएस्टरचाच दोरा घ्या. उन्हात तो नायलॉनपेक्षाही जास्त टिकतो. रिळावर टिकिट नंबर असतो, आणि इथे पुन्हा काउंटसारखं: नंबर कमी, दोरा जाड. रोजच्या शिवणाचा १२०, सॅकला ६०, आणि ४० ही या मशीनची हद्द समजा. दोरा जाड केला की सुईही वरची हवी, नाहीतर तो भोकात घासून तुटतो.

जाड जोडावर पाय पायडलवरून काढा आणि चाक हाताने फिरवा. एकेक टाका. सुई कापडात असताना कापड मागून ओढू नका, निम्म्या सुया त्या ओढण्याने मोडतात. उंचवट्यावर चढताना कापड दाबणारा फूट तिरका होतो आणि दाते कापड पुढे ढकलेनासे होतात. तेव्हा फूटच्या मागच्या बाजूखाली तेवढ्याच जाडीची पुठ्ठ्याची घडी सरकवायची, म्हणजे फूट सपाट बसतो. कॉर्ड्युराची दुमड आधी लाकडी ठोकणीने ठोकून चपटी केली तर आणखी सोपं. फूटच्या दांडीवरचा दाबाचा स्क्रूही थोडा आवळा. दाब कमी असेल तर सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर उचललं जातं आणि फास नीट सुटत नाही. पातळ रिपस्टॉप घेतलं की तो पुन्हा सैल करायचा, नाहीतर शिवणीला चुण्या पडतात.

टाका मोठा ठेवा. सॅकला तीन ते चार मिलिमीटर. बारीक टाका घट्ट दिसतो, पण नायलॉनवर तो भोकांची रांग पाडतो आणि ओढ बसली की कापड तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं. पट्टा जिथे सॅकच्या अंगाला जोडला जातो तिथे निवारीवर चौकोन शिवून त्यात फुली मारा आणि चौकोनाच्या दोन्ही आडव्या बाजूंवरून पुन्हा एकदा जा. सरळ टाक्याच्या मशीनवर यापेक्षा बळकट जोड मला माहीत नाही.

आता साफसफाई. इथे घाई करू नका. सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून उचला. दात्यांच्या मध्ये लोकर साचलेली असेल. आमच्या घरी टॉवेलच्या कडा मारायचं काम होतं तेव्हा आठवड्याला नमद्यासारखा थर निघायचा. जुन्या टूथब्रशने काढा. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आत जाते. मग बॉबीन केस काढा. शटल धरून ठेवणारी कडी दोन खटक्यांवर असते, काही मशिनींत स्क्रूवर. ती काढली की शटल हातात येतं. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्या गोल खोबणीत दोऱ्याचा एक तुकडा जरी अडकला असेल तरी मशीन जड चालते आणि खडखडते.

शटलच्या टोकावरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तिथे ओरखडा आहे. चार सुया मोडल्यात, म्हणजे तुमच्याकडे बहुधा असेलच. अगदी बारीक, हजार नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढीच जागा हलकेच गुळगुळीत करा, टोक बोथट होऊ देऊ नका. पट्टीच्या भोकाची कड सुईने फोडली असेल तर पट्टी बदला. या घडणीचे सुटे भाग स्वस्त आहेत आणि सहज मिळतात.

तेल फक्त मशीनचं, पाण्यासारखं पांढरं. खोबरेल नको, गोडेतेल नको. आईने एकदा तेल संपलं म्हणून खोबरेल घातलं होतं. ते आत घट्ट होऊन चाक जाम झालं. असं झालं असेल तर भोकांतून थेंब थेंब रॉकेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी चाक फिरवून फिरवून काळं पाणी पुसून काढा आणि मग भरपूर तेल द्या. हे करताना जवळपास चूल, उदबत्ती, काही नको. स्पिरिट मात्र लावू नका, मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी निघून जाते. एरवी आठ-दहा तास शिवण झालं की प्रत्येक भोकात एक थेंब, शटलच्या खोबणीत एक, आणि नंतर चिंधीवर पाच मिनिटं शिवा. नाहीतर पहिला डाग नव्या सॅकवर पडतो.

खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होत असेल तर बॉबीनला हात लावू नका, दोष वरच्या दोऱ्याचा असतो. फूट वर उचलून दोरा ओवा. फूट खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही. बॉबीनचं टेन्शन बघायचं तर केस दोऱ्याला लटकवा: स्थिर राहिली पाहिजे आणि हलका हिसका दिला की बोटभर खाली आली पाहिजे. जाड दोरा भरला असेल तर केसवरचा बारीक स्क्रू पाव फेराच फिरवा.

एवढं करूनही टाके सुटले तरच टायमिंग बघा. एका दुकानात माझ्या मैत्रिणीच्या मशीनची सुईची दांडी विनाकारण हलवून ठेवली होती, खरा दोष साचलेल्या लोकरीचा होता. चाक हाताने आपल्याकडे फिरवा. सुई तळाला जाऊन साधारण दोन मिलिमीटर वर आली की शटलचं टोक तिच्या भोकाच्या किंचित वर, तिला जवळजवळ घासून जायला हवं. या मशिनींत शटलची वेळ सहसा ठरलेली असते. बदलते ती दांडीची उंची, कारण सुई आपटून आपटून दांडी वर सरकते. तोंडावरचं झाकण काढलं की तिचा स्क्रू दिसतो. ढिला करण्याआधी दांडीवर पेन्सिलीने खूण करा, म्हणजे परतीची वाट राहते.

कारखान्याच्या मशीनचं: साधी जुकी कंपनीची मशीन मिनिटाला ४,००० ते ५,००० टाके मारते, पण कापड तीही खालच्या दात्यांनीच सरकवते. निवारीच्या जोडाला खरा उपयोग वरचा फूटही चालतो त्या वॉकिंग फूट मशीनचा, आणि ती वर्षाला दोन सॅकसाठी कोणी घेऊ नये. तुमच्या मशीनला मोटर लावली असेल तर सॅक शिवताना तीही सोडवा. वेगात सुई तापते, नायलॉन वितळून भोकात चिकटतं आणि दोरा तुटत राहतो. पायाचा वेग पुरतो. मशीनच्या चाकावरचा चामडी पट्टा घसरत असेल तर तो एक सेंटिमीटर कापून पुन्हा जोडा. वापरून वापरून चामडं ताणलं जातं.

हार्नेस मात्र नाही. या मशीनवर नाही, कुठल्याही घरच्या मशीनवर नाही. स्लिंगसुद्धा (दोराच्या कामात वापरायचा निवारीचा शिवलेला फास) नाही. कारखान्यातली स्लिंग २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२०० किलोंचा ताण सोसेल अशी केलेली असते आणि नमुने तोडून तपासलेले असतात. आपली शिवण किती सोसेल हे ती तुटेपर्यंत कळत नाही. सॅकचा पट्टा तुटला तेव्हा मी सामान हातात धरून खाली उतरले. दोरावर लटकलेल्या माणसाला ती संधी नसते. हार्नेस विकतच घ्या, ईएन १२२७७ या युरोपीय मानकाची खूण बघून. तो ठेवायची पिशवी घरी शिवा, १४ नंबरच्या सुईने.